ओनोरीनची वेळ

प्रार्थनामंदिराच्या घंटेने दहा वाजल्याचे सांगितले आणि तिचा शेवटचा नाद गोठलेल्या सरोवरावरून हळूहळू विरत गेला. अन्सेल्म गिन्यार स्वयंपाकघरात मेजापाशी डोळे मिटून बसले होते. नाद पुरता विरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, कारण एका नादावर दुसरा नाद चढवणे त्यांना आयुष्यभर असभ्य वाटत आले होते. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाची कडेची खिटी अंगठ्याने सरकवली.

ते घड्याळ वेळ ठोक्यांनी सांगत असे. आधी तास, मंद्र स्वरात. मग पाव तास, जोडठोक्यांनी. शेवटी मिनिटे, तार स्वरात. अन्सेल्म सहा मंद्र ठोक्यांची अपेक्षा करत होते. पाचच पडले. मागून तीन जोडठोके, आणि त्यानंतर थोडी बारीक किणकिण.

सहा वाजायला अजून अवकाश होता. ती आज उशिरा येणार होती.

ते तसेच बसून राहिले. काही वेळाने, त्यांच्या पाठीमागे, चुलीवरचे लोखंडी झाकण अगदी हलके वाजले आणि भाजलेल्या कॉफीचा वास दाटून आला. चूल थंड होती; आज ती कोणी पेटवलीच नव्हती. अन्सेल्मनी मागे वळून पाहिले नाही. पाहिले की वास नाहीसा होतो, हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळले होते.

त्या घराला दोन वेळा होत्या. एक घंटेची, जिच्याप्रमाणे गाव उठे, दूध येई, दिवे लागत. दुसरी ओनोरीनची, सुमारे चार तास मागची. गाव माध्यान्हीला जेवायला बसे तेव्हा खिडकीजवळच्या तिच्या जुन्या खुर्चीचा आवाज होई, कारण तिच्या लेखी सकाळचे आठ वाजलेले असत आणि आठाला ती कामाला बसे. रात्री अन्सेल्म अंथरुणावर पडत तेव्हा खाली बटाटे सोलल्याची चाहूल लागे. आणि भल्या पहाटे, ते जागे असोत वा नसोत, गादीची दुसरी बाजू किंचित दबे. तीन हिवाळे असेच गेले होते. ती त्यांच्या मागून त्याच घरात राहत होती, जणू एकाच पायवाटेवरून चार तासांच्या अंतराने चालणारे दोन वाटसरू.

आता ते अंतर वाढत होते.

अन्सेल्म हे व्यवसायाने लाकूडपारखी. रिझूच्या अरण्यात कुऱ्हाडीचा दांडा स्प्रूसच्या खोडावर ठोकायचा, कान लावायचा आणि व्हायोलिनच्या पोटी लागणारे नादकाष्ठ या झाडात आहे की नाही ते सांगायचे, ही त्यांची विद्या. त्या कानांनीच त्यांना घड्याळांचे वेड लावले. त्या डोंगरी खोऱ्यात घरोघरी घड्याळजी. हिवाळ्यात जनावरे गोठ्यात बांधली की माणसे भिंग लावून बसत, ही तिथली कुळाचारासारखी रीत. इतरांनी सोने पाहिले, तबकडीवरची नक्षी पाहिली; अन्सेल्मनी फक्त बोलणारी घड्याळे जमवली. नऊ होती. कोणाचा स्वर काचेसारखा, कोणाचा मधासारखा. "लोक घड्याळ बघून घेतात," ओनोरीन म्हणे, "आमचा माणूस ऐकून घेतो. नवरीसुद्धा ऐकूनच पसंत केली असती, पण मी त्या दिवशी नेमकी खोकत होते."

ओनोरीन केशकमानी जुळवीत असे. केसाहून बारीक पोलादी कमानीला चिमट्याने असे वळण द्यायचे, की घड्याळातल्या तोलचक्राचा श्वास, त्याचे पुढे-मागे झुलणे, एका लयीत चालावे. खोऱ्यात हे काम पिढ्यानपिढ्या बायकांचे. त्यांचे नाव कोणत्याही तबकडीवर कोरले जात नाही. अन्सेल्मच्या संग्रहातले नववे घड्याळ तारीख, वार, महिना आणि लीप वर्षाचा फेब्रुवारीसुद्धा न चुकता ओळखे. ते त्यांनी जिनिव्हाच्या एका लिलावातून घरी आणले, तेव्हा ओनोरीनने मागचे झाकण उघडून भिंग लावले आणि कमानीवरून चिमट्याचे टोक फिरवले. मग म्हणाली, "हे वळण माझं आहे. लग्नाआधीचं." कुठे कुठे हिंडून तिच्याच हातचा श्वास तिच्याच घरी परतला होता. त्या दिवसापासून अन्सेल्मनी तेच मनगटावर बांधले.

तिचा प्राण गेला तो फेब्रुवारीतल्या एका पहाटे. खोऱ्याच्या रीतीप्रमाणे तिची थोरली बहीण क्लेमाँस हिने खिडकी उघडली आणि घरातले प्रत्येक घड्याळ थांबवले. भिंतीवरचे लंबक हाताने धरले, कपाटातल्या आठ घड्याळांची चावी उतरू दिली, आणि शेवटी अन्सेल्मचे मनगट हातात घेऊन त्या नवव्याच्या चावीचे बोंड नखाने बाहेर ओढले. बोंड बाहेर आले की ते घड्याळ जागच्या जागी थांबे. दफन होऊन घंटा वाजेपर्यंत कोणी ते आत ढकलायचे नाही. मृताला वेळ ऐकू येता कामा नये, असे जुनी माणसे सांगत. वेळ ऐकू आली तर आपण गेलो हे त्याला उमगत नाही, आणि तो नेहमीच्या कामाला लागतो.

पण प्रार्थनामंदिरात, पाळकांनी ओनोरीनचे नाव उच्चारले आणि शेवटचे गीत सुरू झाले त्याच वेळी, अन्सेल्मना आपल्या मनगटावर तो श्वास पुन्हा जाणवला. घड्याळ चालू झाले होते, थांबले त्या वेळेपासून, सुमारे चार तास मागे. दफनानेही ती थांबली नव्हती. तिला जायचे नव्हते. असे त्यांनी मानले आणि ते कोणालाही सांगितले नाही. त्यांनी काटे कधी जुळवले नाहीत. रोज सकाळी चावी मात्र दिली. उरलेली आठ घड्याळे कपाटात मुकी पडून राहिली, आणि त्यांची त्यांना आठवणही झाली नाही.

कॉफीचा वास उशिरा आला त्या दिवशी दुपारी ते सिदोनी ल्युग्रँकडे गेले. सिदोनी चाळिशीची, घड्याळजीण; ओनोरीनच्या हाताखाली शिकलेली.

"या काका, पण आधी अंगावरचं बर्फ झटका. माझ्या चाकांना सर्दी होते."

"मागं पडतंय," अन्सेल्म म्हणाले आणि मनगट पुढे केले. पट्टा सोडला नाही.

"असं हातासकट दुरुस्त करू का? काढा की."

त्यांनी ते काढले. पण हातात तसेच धरून राहिले. सिदोनीने ते हळूच सोडवून घेतले, नादकाष्ठाच्या एका फळीवर ठेवले आणि फळीला कान लावला. हसरा चेहरा पाहता पाहता गंभीर झाला.

"हे शेवटचं साफ कधी केलं होतं?"

"तुझ्या काकू होत्या तेव्हा."

"मग बरोबर. वंगण सुकून डिंक झालाय. श्वास पुरा घेत नाही बघा, अर्ध्यावरूनच परत फिरतंय. कोरडंच चालवत राहिलात तर चाकांच्या आसांची टोकं घासून जातील. मग ते कायमचं बसेल, आणि तेव्हा मला हाक मारू नका. पाळकांना मारा."

"साफ कर."

"करते ना. ठेवून जा."

"न थांबवता."

सिदोनी मोठ्याने हसली. "काका, धावत्या घोड्याला नाल ठोकू?" मग तिने त्यांच्याकडे पाहिले आणि तिचे हसू ओठांवरच राहिले. तिने त्या घड्याळाकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आणि हे एवढं मागं लावून का ठेवलंय? दूर देशी आहे का कोणी तुमचं?"

"आहे," अन्सेल्म म्हणाले.

बाहेर कोणाची तरी घसरगाडी घंट्या वाजवीत गेली. सिदोनीने घड्याळ पुसून परत त्यांच्या तळहातावर ठेवले. "काकूंनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली," ती हळू आवाजात म्हणाली. "कमानीचा एक वेढा दुसऱ्याला चिकटला, की घड्याळ खोटं बोलायला लागतं. वेढे जवळ असावेत, पण मधे हवा पाहिजे. मी रोज सांगत होते, चिकटलंय हो काकू, सुटत नाही. तर म्हणायच्या, तूच दाबून धरलायस, पोरी. चिमटा सोड."

अन्सेल्मनी पट्टा घट्ट केला आणि ते निघाले.

रविवारी प्रार्थनेनंतर क्लेमाँस जेवायला आली. स्प्रूसच्या सालीत बांधलेले चीज तिने सालीसकट शेगडीत ठेवले, बटाटे उकडले, आणि घरभर नाक मुरडत हिंडली.

"घर आहे की लाकडाची वखार? माझ्या बहिणीनं लाकडाशीच लग्न केलं, लोक मला सांगत होते. खिडकी तरी उघडत जा रे."

"थंडी येते."

"तुझ्यासारख्या ओंडक्याला कसली थंडी?" तिने त्यांच्या ताटात वितळलेले चीज ओतले. "खा. नि हे मनगट कानाला लावणं बंद कर. जेवताना माणूस समोरच्याशी बोलतो."

अन्सेल्मनी हात खाली घेतला. गेल्या चार दिवसांत ओनोरीन आणखी मागे पडली होती. काल कॉफीचा वास इतका क्षीण होता, की तो आला की आपणच आठवला, हे त्यांना ठरवता आले नव्हते. घड्याळ चालू ठेवावे तर ते स्वतःलाच झिजवून बंद पडणार; साफ करायला द्यावे तर थांबवावे लागणार. दोन्हीकडून ती जाणार. हे ओझे त्यांना एकट्याने पेलेना. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि तीन वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट क्लेमाँसला सांगितली: थांबवलेले घड्याळ शेवटच्या गीताच्या वेळी आपोआप सुरू झाले, ती इथेच राहिली, आणि तिची वेळ निराळी आहे.

क्लेमाँसने सगळे ऐकून घेतले. ताटातले चीज थिजले.

"आपोआप?" ती म्हणाली.

"आपोआप. बोंडाला कोणी हात लावला नव्हता."

"अन्सेल्म, मी तुझ्या शेजारी बसले होते." तिने त्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवले. "त्या हातानं तू केलंस. पाळक बोलत होते, तू समोर बघत होतास, आणि तुझी बोटं डाव्या मनगटावर गेली. बोंड आत ढकललं नि फिरवत बसली. पुढं मागं, पुढं मागं. प्रार्थनेला बसलास की तू नेहमी तेच करतोस. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं तेच करतात. जपमाळ नाही आपल्यात, तर चावी देतात मेली."

अन्सेल्म आपल्या बोटांकडे पाहत राहिले. त्या क्षणीसुद्धा ती मनगटावरच होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

क्लेमाँसने ताट दूर सारले. नेहमीची धार तिच्या आवाजातून गेली होती. "हात धरणार होते. धरला असता तर तू तिथंच कोसळला असतास, असं वाटलं. आणि खरं सांगू? मला पण वाटलं, राहू दे. घटकाभर राहू दे तिला. घंटेनंतर तू जुळवशील, असं वाटलं."

त्याच वेळी खिडकीजवळची रिकामी खुर्ची करकरली. कोणी जडपणे, थकून बसावे तशी. क्लेमाँसने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती उठली नाही, किंचाळली नाही, केवळ शाल घट्ट ओढून घेत तिने कुजबुजल्या आवाजात विचारले, "तू तिला कामाला लावून ठेवलंयस? तीन वर्षं?"



क्लेमाँस गेल्यावर अन्सेल्मनी ताटे उचलली. ओनोरीन राहिली नव्हती. तिला ठेवून घेतले होते. त्या घरात दोघांपैकी एकाला जायचे नव्हते, हे खरे होते. पण तो एक कोण, हे ओळखण्यात त्यांची चूक झाली होती.

घंटेने तीन वाजवले. उन्हे अजून बर्फावर होती. अन्सेल्म उठले, त्यांनी खिडकीचा अडसर काढला आणि दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या. मग त्यांनी चावीचे बोंड नखाने बाहेर ओढले.

श्वास थांबला. पण काटे अजून तिच्याच वेळेवर होते, सकाळच्या अकराच्याही अलीकडे, आणि तिथेच तिला सोडून देणे त्यांना अमानुष वाटले. काटे जुळवले पाहिजेत. तारीख राखणाऱ्या घड्याळाचे काटे मागे फिरवत नाहीत, आतले दाते मोडतात. हे खोऱ्यातले शेंबडे पोरही जाणते. पुढेच न्यायचे असतात, मधल्या प्रत्येक घटकेतून. अन्सेल्मनी बोंड अगदी सावकाश फिरवायला सुरुवात केली.

काटे पुढे सरकले, तसे घर जागे झाले. खिडकीजवळची खुर्ची मागे सरली. भिंग लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. पाणी ओतले गेले, भांड्याला भांडे लागले, कांद्याचा वास आला आणि गेला. जिन्यावर पावले चढली, वर कोणी पांघरूण झटकले, पावले उतरली. जो दिवस ती एकटीने, त्यांच्या मागून, रोज जगत आली होती, तो त्यांच्या बोटांखालून भरभर वाहू लागला. एक गाणे गुणगुणले गेले. त्याचे शब्द तिला कधीच पूर्ण येत नसत, आणि आजही तिने तिथेच अडखळून नुसता सूर लावला. अन्सेल्मचे डोळे भरून आले, पण बोटे थांबली नाहीत. पावले जवळ येत होती. तीन वर्षांत प्रथमच ती त्यांना गाठत होती.

काटे तीनावर आले आणि त्यांनी बोंड फिरवणे थांबवले.

ती शेजारी उभी होती. डाव्या अंगाला, कानापाशी, उबदार श्वास जाणवला. असेच वाकून ती त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा कानोसा घेत असे. आता दोघांची वेळ एक होती. बोंड आत ढकलले असते तर ती इथून पुढे त्यांच्याबरोबर चालली असती. सकाळची कॉफी सकाळी, रात्रीची झोप रात्री. उजव्या हाताची दोन बोटे बोंडावर होती. त्यांना दाबायची सवय होती. आयुष्यभर त्यांनी दुसरे काही केलेच नव्हते.

"दाबून धरलायस," अन्सेल्म स्वतःशीच पुटपुटले.

त्यांनी एकेक बोट उचलले. हात मेजावर उताणा ठेवला.

ती ऐकत राहिली. ऐकण्यात तिचा हात धरणारे खोऱ्यात कोणी नव्हते. घड्याळ चालते आहे की थांबले आहे, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. कानापाशी श्वास क्षणभर अडला, जसा काही तरी उमगल्यावर माणसाचा अडतो. मग डाव्या अंगाची ऊब सरली. खिडकीचा पडदा आत यायचा तो बाहेर गेला. आणि खाली सरोवरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्फाला तडा जाताना उठतो तसा एक दीर्घ मंद्र नाद उठला आणि अरण्याच्या दिशेने दूर दूर जात राहिला. अन्सेल्म तो ऐकत उभे राहिले. नाद पुरता विरल्याशिवाय त्यांनी खिडकी लावली नाही.

पुढच्या रविवारी ते क्लेमाँसशेजारी नेहमीच्या बाकावर बसले. घड्याळ सिदोनीच्या मेजावर सुटे होऊन पडले होते, चाक चाक वेगळे, कमान काचेच्या झाकणाखाली मोकळी. पाळक बोलत होते. अन्सेल्म समोर पाहत होते. आणि त्यांची बोटे उघड्या मनगटावर जाऊन, तिथे नसलेले एक बोंड फिरवू लागली. पुढे मागे, पुढे मागे.

"बोटं!" क्लेमाँस दात आवळून म्हणाली.

ती थांबली नाहीत. तेव्हा क्लेमाँसने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. अन्सेल्म कोसळले नाहीत. केवळ त्यांचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. शेवटचे गीत संपून वरची घंटा वाजेपर्यंत तिने हात सोडला नाही.

"वाजली बरं का," मग ती म्हणाली. "आता घरी जा आणि कपाटातल्या त्या आठांना चावी दे."